तंजावरचा सांबारभात

तंजावरच्या बृहदीश्वराचे दर्शन घेऊन मराठी प्रवासी दुपारी एखाद्या साध्याशा खाणावळीत शिरतो, केळीच्या पानापुढे बसतो, आणि वाढप्याच्या हातातील बादली दिसताच सोबत्यास सांगू लागतो, की सांबार हे मूळचे आपलेच! शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीस आमसूल मिळेना, म्हणून चिंच घातली गेली, आणि पाहुणे आलेल्या संभाजी महाराजांच्या नावाने तो पदार्थ रूढ झाला, अशी ती कथा.

कथा रुचकर खरी. पण शहाजीराजे गादीवर आले १६८४ मध्ये आणि औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध केला १६८९ मध्ये. मधली वर्षे मोगलांशी झुंजण्यात गेली. त्यांत तंजावरच्या पाहुणचारास सवड कोठली? शिवाय आमसूल कोकणातले. देशावरच्या आमटीत चिंच पूर्वापार आहेच.

इतक्यात पानावर भाताचा ढीग पडतो. मराठी पंगतीत भात आरंभी मूदभर नि अखेरीस थोडासा, मध्ये पोळी. कावेरीकाठी मध्ये दुसरे काही नाही! सांबारभात, मग रसमभात, शेवटी दहीभात. पोळीची वाट पाहणारा पाहुणा दुसऱ्या वाढीला हात आडवा धरतो. तिसऱ्या वाढीला तो धरीत नाही.

मराठ्यांचा तेथील अन्नाशी खरा संबंध पाहावयाचा तर तो अन्यत्र आहे. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने राहिलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात तांदळाच्या जातींचे गुणदोष सांगितले आहेत. त्याहून मोठी गोष्ट छत्रांची. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. सरफोजीराजांस घोर लागला तो रामेश्वराच्या वाटेवरील अन्नछत्रांचा. १८०१ मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहून तेथील रीत कळविली. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूस शिजवलेला भात मिळे. शिजलेला नको असेल त्यास कोरडे तांदूळ नि मसाला. आजारी पडलेल्याची शुश्रूषा होई. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी जेवावयाचे राहिले असल्यास त्यास बोलावून घेत.