बालकांचा अग्रहक्क



 एचआयव्ही-एड्स या ज्या व्याधीच्या विचारार्थ आपण या मुंबई नगरीत जमलो आहोत, तिने येथील कितीतरी संसार उद्ध्वस्त केले. आणि याच नगरीतील सिप्ला कंपनीने २००१ साली, पाश्चात्त्य देशांत वर्षाकाठी दहा हजार डॉलरांहून अधिक दराने विकला जाणारा तीन औषधांचा उपचार ३५० डॉलरांत देऊ करून, आफ्रिकेतील दरिद्री रुग्णालाही जगण्याची आशा दाखविली.

ती आशा बालकांपर्यंत मात्र फार विलंबाने पोचली. जन्मतःच एचआयव्हीची बाधा झालेल्या अकरा वर्षांच्या न्कोसी जॉन्सनने दक्षिण आफ्रिकेतील डरबन येथे २००० साली भरलेल्या जागतिक एड्स परिषदेत, बाधित गर्भवती मातांना औषध द्या, अशी आपल्या सरकारला विनवणी केली. पुढील वर्षी तो निवर्तला, आणि सरकारी रुग्णालयांतून असे औषध देण्याची तजवीज करावी, असा हुकूम तेथील घटना न्यायालयाला २००२ साली द्यावा लागला.

उपाययोजनेअभावी बाधित मातांच्या शंभरांतील १५ ते ४५ बालकांना मातेकडून होणारी बाधा आज पाचांच्या आत आणता येते, आणि क्यूबाने तर तिच्या निर्मूलनाचा दाखला जागतिक आरोग्य संघटनेकडून २०१५ सालीच मिळविला. असे असताही २०२३ साली जगात सुमारे १४ लाख बालके बाधित होती, आणि प्रौढांपैकी शंभरांतील ७७ जणांना औषध लाभत असता बालकांपैकी केवळ ५७ जणांना ते लाभत होते.

या तफावतीचे एक मोठे कारण निदानात आहे. मातेची प्रतिपिंडे अर्भकाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत टिकत असल्याने नेहमीच्या चाचणीचा कौल तेथे ग्राह्य धरता येत नाही. प्रत्यक्ष विषाणू शोधणारी चाचणी बहुधा दूरच्या प्रयोगशाळेत होते, आणि निकाल येईतो माता गावी परतलेली असते. इकडे उपचाराविना निम्मी बाधित बालके दुसरे वर्षही पुरे करीत नाहीत.

म्हणून यजमानाच्या नात्याने माझे एवढेच मागणे आहे की, आपले ठराव थोडे असले तरी चालतील. पण अर्भकाच्या चाचणीचा निकाल मातेच्या हाती किती दिवसांत पडावा आणि त्याच दिवशी औषध कोणी द्यावे, याची मुदत व जबाबदारी त्यांत स्पष्ट शब्दांत नोंदवावी.