सायकल, वाट आणि रात्रीचा आसरा
(पिपरी मेघे येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या सायकल सहलीविषयी दोन शब्द बोलावेत, असे मंडळाने सुचविले. सहल म्हटली की किलोमीटर किती, घाट किती, पंक्चर किती, हेच आधी विचारले जाते. परंतु लांबच्या सायकल प्रवासात खरा प्रश्न सूर्य मावळताना उभा राहतो. आज रात्री पाठ कुठे टेकायची? या प्रश्नावरच आम्ही आज बोलणार आहोत.

पिपरी मेघेहून नागपूर सुमारे ७५ किलोमीटर. पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी अशी ही वाट आहे. साधी सायकल सामानासह तासाला बारा ते पंधरा किलोमीटर चालते. म्हणून आम्ही सहाजण हिवाळ्यातल्या एका पहाटे साडेचारला निघालो. सोबत हवेचा पंप, पाना, सोल्युशन, रबराचे तुकडे, चादर आणि भाकर-झुणक्याची शिदोरी होती. पवनारला धाम नदी ओलांडली तेव्हा अजून अंधारच होता. याच पवनारहून १९५१ मध्ये विनोबा पायी तेलंगणाकडे निघाले आणि पुढे अनेक वर्षे रोज नव्या गावी मुक्काम करीत देशभर चालत राहिले. बुटीबोरीपासून ट्रकांची वर्दळ वाढली, तेव्हा आम्ही एकामागे एक अशी रांग धरली. अकराच्या सुमारास दीक्षाभूमीवर पोचलो. वंदना केली, जेवलो, थोडे पडलो आणि दोनला परत फिरलो. केळझरच्या अलीकडे दिवस कलला. दिवसभरात सव्वाशे किलोमीटर झाले होते आणि पाय बोलू लागले होते.

रस्ता सोडून आम्ही एका लहान गावात शिरलो. समाजमंदिराला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे, ते बाहेरगावी गेलेले. शाळेचे फाटकही बंद. एका शेतकऱ्याच्या ओसरीसमोर आम्ही थांबलो. त्यांनी विचारले, "कोन्या गावचे?" आम्ही सांगितले. मग दुसरा प्रश्न आला, "आडनाव काय?" तेही सांगितले. क्षणभर कोणी काही बोलले नाही. हा क्षण आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. तेवढ्यात आतून त्यांची म्हातारी आई म्हणाली, "पोट्टे थकून आले ना बाप्पा, पयले पानी दे त्याईले."

घरात जागा होती ती एकाच खोलीत, आणि ती खोली कापसाने जवळजवळ आढ्यापर्यंत भरलेली. भाव वाढेल म्हणून कापूस घरात ठेवलेला. कापसाजवळ काडी ओढायची नाही, दिवा न्यायचा नाही, एवढीच अट. दाराजवळच्या हातभर जागेत आम्ही चादरी अंथरल्या. ऊब भरपूर होती, अंगाला खाजही भरपूर सुटली. पण झोप लागली. शेतकऱ्याचे कुटुंब मात्र भावाची वाट पाहत महिनोन्‌महिने त्या खाजेसोबत राहते, हेही त्या रात्री कळले.

मित्रहो, रात्रीचा आसरा ही आपल्या इतिहासात लहान गोष्ट नाही. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्यांच्या विद्वत्तेला पुढे जगाने मान दिला, त्यांना एका खोलीसाठी हे सोसावे लागले.

आणि दुसरीकडे पाहा. 'विहार' या शब्दाचा मूळ अर्थच राहण्याची जागा. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात भिक्खूंच्या खोल्यांमधून दगडी शय्या कोरलेल्या आहेत, उशालाही दगडच. कान्हेरीला बसायला दगडी ओटे आणि बाहेर पाण्याची टाकी आहेत. जुन्नर-कल्याण वाटेवरच्या नाणेघाटात सातवाहनकाळी कोरलेली गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. ज्यांनी ही वाट राखली, त्यांनी वाटसरूच्या तहानेचा आणि थकव्याचा विचार आधी केला होता.

आपल्या वर्ध्यातही दारे आपोआप उघडली नाहीत. लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले ते १९२८ साली, आणि त्यासाठी जमनालाल बजाजांना पुढाकार घ्यावा लागला. दार उघडायला कोणाला तरी उठावे लागते.

सकाळी निघताना त्या शेतकरीदादांनी आम्हाला विचारले, "आमचा पोरगा पुढच्या साली वर्ध्याले शिकाले येणार हाय. तुमच्याकडं खोली भेटंल का?" आम्ही पत्ता लिहून दिला. परंतु मनात प्रश्न राहिला. आपल्या पिपरीत बाहेरगावची कितीतरी मुले भाड्याने राहतात, आणि आजही काही दारांवर भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. मग आपल्या सभागृहाचे दार रात्री आठनंतर कोणासाठी उघडते?

म्हणून मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवतो. सभागृहाची एक खोली वाटसरूंसाठी राखावी. सहा सतरंज्या, पाण्याचा माठ, सायकलचा पंप एवढे पुरे. किल्ली एकाकडे न ठेवता दोघांकडे असावी आणि दोघांची नावे दारावर लिहावीत. येणाऱ्याचे गाव आणि ओळखपत्र नोंदवहीत घ्यावे, जात विचारू नये. परीक्षेला आलेली मुलगी असो, दवाखान्यात आलेल्या रुग्णाचा भाऊ असो, त्याला एक रात्र मिळावी.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो, सायकल काढा. पहाटे निघा, मागे लाल रिफ्लेक्टर लावा, आणि मुक्काम उजेड असतानाच विचारा. आपला जिल्हा खिडकीतून दिसतो त्याहून वेगळा आहे. आणि परत आलात की सतरंज्या झटकायला या. पहिल्या महिन्याची किल्ली सांभाळायला आम्ही तयार आहोत.

जयभीम!