घराचं कर्ज: आधी कागद


किनवट तालुक्यातल्या इस्लापुरात घर घ्यायचंय,
पण बँक पुरेसं कर्ज देईना?
मग आधी कागद पाहा.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा.
तो मालकीचा पुरावा नव्हे.
गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका हवी.
2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन ती मिळते.

कागदानंतर बँक बघते कमाई: पगारदाराचा हिशोब तिला लगेच कळतो.
सोयाबीन-कापसाचा कळायला तिला जरा वेळच लागतो!
म्हणून नवरा-बायकोनं मिळून अर्ज करा.
दोघांची कमाई धरली, की रक्कम वाढते.

पण पुन्हा सांगते, आधी कागद.
आपल्या किनवट तालुक्यात तर नक्कीच.
कारण आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही.
इसार देण्याआधी सातबारा नीट वाचून घ्या.