गंगाधरपंतांचा विनय कुठे गेला?

(वर्धा येथे वाचकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



विज्ञानकथेतील कालप्रवासी नायक हा मोठा सुखी प्राणी. यंत्रात बसावे, शतके ओलांडावीत, कुणाचे तरी युग पाहून घ्यावे आणि जेवणाच्या सुमारास घरी परतावे. एच. जी. वेल्सने १८९५ मध्ये हे यंत्र साहित्यात लोकप्रिय केले, तेव्हापासून ही चैन चालू आहे. या नायकाला सहसा कुणी जाब विचारीत नाही. आज तो विचारावा म्हणतो, आणि त्यासाठी परक्यांच्या दारी जाण्याचे कारण नाही.

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत तसे मागच्या काळात जात नाहीत. ते दुसऱ्याच एका वर्तमानात जाऊन पडतात. तेथे विश्वासरावांना गोळी नुसती चाटून गेली आहे आणि पानिपतावर मराठ्यांचा जय झाला आहे. १४ जानेवारी १७६१ ची सल उरात घेऊन वाढलेला मराठी वाचक या पानांवर हरखून जातो. मीही गेलो होतो.

मात्र पन्नाशी उलटल्यावर ती कथा पुन्हा वाचली आणि एका जागी अडखळलो. गंगाधरपंत मुंबईत उतरल्यावर आपल्या मुलाच्या, विनयच्या, कचेरीत जातात. या नावाचे येथे कुणी नाही, असे उत्तर मिळते. पंत मनाशी विचार करतात, की या जगात तो कदाचित जन्मलाच नसेल. आणि मग? मग ते ग्रंथालयाची वाट धरतात! पानिपत कसे जिंकले, हे जाणून घ्यायची घाई असते ना!

विजयाची किंमत म्हणून पोटचा मुलगा गेला, आणि बापाच्या हाती बखर. नारळीकरांनी हे मुद्दाम केले की ओघात झाले, हे मी सांगू शकत नाही. पण निश्चिंत नायकाचे याहून नेमके चित्र मला तरी आठवत नाही.

आपल्या पुराणांतला रैवत ककुद्मी आठवा. कन्येसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला आणि गंधर्वांचे गायन संपेपर्यंत क्षणभर थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली. मनात योजलेले सारे वर काळाच्या उदरात गेले. रेवतीला बलराम मिळाला, हे खरे. पण तिच्या सख्यांचे काय झाले, हे कुणी विचारले?

आता आपल्याच जिल्ह्यात या. समजा, असा एक नायक १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीत उतरला. पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेले लोक त्याला दिसत आहेत. गोळीबार होणार, गावकरी पडणार, पोलीसही मारले जाणार, हे एकट्या त्यालाच ठाऊक आहे. त्याने ओरडून थांबवावे, तर त्या दिवसातून घडलेले पुढचे सारे बदलेल. गप्प राहावे, तर तो केवळ प्रेक्षक ठरेल. मला विचाराल तर त्याने ओरडावे. ज्याला पुढचे कळले, त्याला तटस्थतेची सवलत नाही. आपल्यापैकी काहींना हे पटणार नाही. आष्टीच्या स्मृतीला त्याने बाधा येते, असे कुणी म्हणेल. त्यांच्याशी वाद घालायला मला आवडेल.

गंगाधरपंत परत आले, तेव्हा खिशात उरलेले बखरीचे फाटके पान त्यांनी आपल्या शास्त्रज्ञ मित्राला दाखवले. मी लेखक असतो तर त्यांना आधी विनयच्या कचेरीत पाठवले असते.