मुळ्याचा पाला टाकू नका



थंडी पडली. शेतमळा बहरला. वांगी लागली. गाजर, मुळा तयार झाला. पावट्याच्या शेंगा भरल्या. बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग लागले. भाजी चांगली आणि स्वस्त मिळते, ती याच दिवसांत.

आपल्या वाडवडिलांनी हे ओळखले होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते. त्या दिवशी वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी करतात. वर तिळाचे कूट घालतात. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. पण एक दिवस भोगी केली आणि बाकीचे दिवस सगळी भाजी बाजारात घातली, तर आपल्या अंगी काय लागणार?

आता जरा घरात पाहा. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना बाईला धाप लागते. तिचा चेहरा फिकट दिसतो. बहुधा ही रक्त कमी असल्याची खूण असते. सन २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर बायकांत ५४ जणींचे रक्त कमी निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त!

रक्ताला लोह लागते. ते हिरव्या पाल्यात असते. आणि आपण काय करतो? मुळा खातो अन् पाला म्हशीपुढे टाकतो! मुळ्यापेक्षा त्याच्या पाल्यात सत्त्व जास्त, बरं का.

हरभऱ्याचेही तसेच. पेरणीनंतर महिनाभराने कोवळे शेंडे खुडा. झाडाला फांद्या फुटतील आणि घरात भाजी होईल. उरलेला पाला सावलीत वाळवून ठेवा. उन्हाळ्यात उपयोगी पडेल. औषध फवारलेल्या शेतातले शेंडे मात्र खुडू नका.

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली, तर सत्त्व पाण्याबरोबर जाते. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवा. ताटात लिंबू पिळा. त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा नको. चहाने लोह वाया जाते.

कोणी म्हणेल, "गुरुजी, पाला हे गरिबाचे खाणे." अहो, मेथी तरी काय आहे? पालाच की!

फार अशक्तपणा असेल, तर नुसत्या भाजीवर राहू नका. सरकारी आरोग्य केंद्रात जा. रक्त तपासून घ्या. तिथे लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात.

शेवटची गोष्ट पुरुष मंडळींना सांगतो. घरची बाई सर्वांना वाढून मागून जेवते. तोवर भाजीचे भांडे रिकामे होते. मग तिने नुसती चटणी-भाकरी खायची का? आज दुसऱ्यांदा भाजी मागण्याआधी विचारा, "तुझ्यापुरती उरली आहे ना?"

एवढे कराच.