दुकानातली मार्गारेट मंत्री झाली, आणि पुढे?

गटातली बाई ग्रामपंचायतीला उभी राहिली की आम्ही सगळ्याजणी पदर खोचून घरोघर फिरतो. ती निवडून आली की गुलाल उधळतो, आणि मग आपापल्या कामाला लागतो. गुलालानंतरचं काय, हे कळावं म्हणून आज आम्ही इंग्लंडमधल्या मार्गारेट बाँडफिल्डची गोष्ट सांगणार आहोत.

तिचा जन्म १८७३ चा, चार्ड या गावचा. चौदाव्या वर्षी ती कापडाच्या दुकानात कामाला लागली. तेव्हा तिथं दुकानातल्या पोरींनी मालकाच्याच जागेत राहायचं, दाटीवाटीनं झोपायचं, तो घालील ते खायचं, अशी रीत होती. कितीतरी दुकानांत आठवड्याला ८० तासांवर काम असे. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जायचं. मग मालकापुढं तोंड उघडणार कोण?

पुढे ती लंडनला आली. एकदा तिनं तळलेली मासळी विकत घेतली. ती ज्या वर्तमानपत्रात बांधून दिली होती, त्यात दुकान कामगारांच्या संघटनेच्या चिटणीसाचं पत्र होतं: संघटनेत या. मार्गारेट गेली. मग एका महिला संस्थेसाठी तिनं दोन वर्षं वेगवेगळ्या दुकानांत नोकरी धरली आणि आतली परिस्थिती डोळ्यांनी पाहून नोंदवली. टोपणनावानं लेखही लिहिले. १८९८ मध्ये ती संघटनेची सहायक चिटणीस झाली. दुसऱ्याच वर्षी देशभरच्या कामगार संघटनांची परिषद भरली, तिथं बाई प्रतिनिधी ती एकटीच होती.

१९२३ मध्ये ती खासदार झाली. १९२९ मध्ये कामगारमंत्री. ब्रिटनच्या मंत्रिमंडळात बसलेली ती पहिली बाई. एकविसाव्या वर्षी पुरुषांसारखाच मताचा हक्क तिथल्या बायकांना जेमतेम आदल्या वर्षी मिळाला होता.

गोष्ट इथंच थांबवली असती तर टाळ्या वाजवून उठलो असतो. पण पुढचं ऐका.

त्याच सुमाराला जगभर मंदी आली. दीड वर्षात ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या दुपटीवर गेली. कामगार पगारातून वर्गणी भरत, त्या बेकारी विम्याचा निधी कर्जात बुडाला. तेव्हा, १९३१ मध्ये, मार्गारेटच्या खात्यानं एक कायदा आणला. लग्न झालेल्या बाईला बेकारीचे पैसे हवे असतील, तर लग्नानंतर ठरावीक वर्गणी भरल्याचं आणि पुन्हा काम मिळण्याजोगं असल्याचं तिनं दाखवायचं. लग्न झालेल्या पुरुषाला अशी अट नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षं वर्गणी भरली, अशा हजारो बायकांचे पैसे बंद झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मार्गारेट हरली आणि पुन्हा कधी खासदार झाली नाही.

ती वाईट होती का? आम्हाला तसं वाटत नाही. निधीत खड्डा होता आणि तो भरा म्हणून चहूबाजूंनी दबाव होता. पण कात्री चालली ती बायकांवर, कारण लग्न झालेली बाई नवऱ्याच्या जिवावर जगते, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. खुर्चीत बाई असूनही ती समजूत तशीच राहिली.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच. आपली बाई निवडून देणं हे अर्धं काम. पैसा कमी पडला की आधी कुणाचं काम कापलं जातं, हे विचारणं उरलेलं अर्धं. आपल्याकडं ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायचा नियम आहे. येत्या वेळी सगळ्याजणी जा. पंचायतीत बसलेल्या आपल्या बाईला विचारा: यंदा खर्च कुठं झाला, आणि बायकांचं कोणतं काम मागं ठेवलं? तिला कोंडीत पकडायला नको, पण एकटीही पडू द्यायला नको. आपण पाठीशी उभ्या असलो, तर तिलाही वरच्यांना नाही म्हणायला बळ येतं.