रांजण भरून ठेवा

श्रोतेहो, विषय मिळालाय गेम कन्सोल आणि इंटरनेट, मिनिटं पाच. प्लेस्टेशन म्हणजे काय, एक्सबॉक्स म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. ज्याच्या घरी आहे त्याला ठाऊक आहे, ज्याच्या घरी नाही त्याच्या पोराला तर नक्कीच ठाऊक आहे.

माझं म्हणणं एवढंच, की हे डबे नळवाल्या घरांसाठी बनलेत आणि आपण पडलो रांजणवाले.

ज्याच्याकडे चोवीस तास नळ, तो पाणी कशाला साठवेल? तहान लागली की तोटी फिरवतो. आपल्याकडच्या बाया बोअरिंग मोकळी दिसली की गुंडामागून गुंड आणतात, रांजण भरतात, वर झाकण ठेवतात, मग दिवसभर निर्धास्त. नेटचंही तसंच आहे. चंद्रपूर शहराचं सोडा. कोरची, एटापल्ली, भामरागडकडे रेंज आली तर आली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडला माणूसच पोचत नाही, तिथं नेटची काय कथा!

माझी बहीण तिकडेच राहते. भाच्यानं जुना कन्सोल घेतला, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर गेम उतरवायला लावला. आजकाल एकेक गेम शंभर जीबीचा. रोजचा डेटा दीड जीबी. भागाकार करा, सदुसष्ट दिवस! मोहफुलं वेचताना सुरू केलेला गेम धानाचे पऱ्हे टाकायच्या वेळी हाती येणार. त्यातही मध्येच गेमची नवी आवृत्ती निघाली. म्हणजे रांजण अर्धा भरला आणि बुडाला भोक. “मामा, आपली कॉन्ट्राची कॅसेट बरी होती,” म्हणाला. बरी होतीच. खोचली, फार तर एक फुंकर मारली, की खेळ सुरू.

नुसतं भरणंच नाही. भरलेल्या रांजणातलं पाणी पिण्याआधी नळ सोडणाऱ्याला विचारायचं, हीसुद्धा एक तऱ्हा आहे. 2013 साली मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा अट अशी, की डब्यानं दर 24 तासांत एकदा नेटवर हजेरी लावायची. नाही लावली तर खेळ बंद, मग घरात विकत आणलेली चकती असली तरी. जगभर ओरड झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीनं ती अट मागे घेतली. ओरडल्यावर ऐकतात, हे ध्यानात ठेवा. आपण ओरडतच नाही.

आता कामाचं सांगतो, आणि हे निसटू देऊ नका. नेटविना खेळायचं तर प्लेस्टेशन 5 च्या सेटिंगमध्ये कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले असा पर्याय असतो, तो चालू ठेवायचा. एक्सबॉक्समध्ये तो डबा ‘होम’ म्हणून नेमायचा असतो. नेट असतानाच हे करून ठेवा. नेट गेल्यावर आठवलं तर उपयोग शून्य. प्लेस्टेशनचा सिस्टिम अपडेट पेनड्राइव्हवरूनही चढतो. चंद्रपूरला आलात की कुणाच्या संगणकावर तो उतरवून घ्या आणि एसटीनं घेऊन जा. गेमचे अपडेट मात्र असे मिळत नाहीत. का मिळू नयेत? माझी मागणी हीच आहे. पेनड्राइव्हवरचा सिस्टिमचा अपडेट चालतो, मग गेमचा का चालत नाही?

हां, ब्राउझर राहिला. 2007 मध्ये निन्टेंडोच्या वी कन्सोलवर ऑपेरा ब्राउझर मिळाला. हातातला रिमोट टीव्हीकडे रोखून पानं उघडायची. प्लेस्टेशन 3 आणि 4 वरही ब्राउझर होता. 2021 च्या फेब्रुवारीत भारतात आलेल्या प्लेस्टेशन 5 वर त्याचं चिन्हच नाही, आणि निन्टेंडो स्विचवरही नाही. एक्सबॉक्सवर एज आहे, तेवढाच दिलासा. ब्राउझरच्या फटीतून लोक डब्याच्या आत शिरत, हे खरं. पण फट आहे म्हणून कुणी खिडकीच विटांनी बुजवतं का हो? शहरात घरोघरी लॅपटॉप आहे, त्यांना फरक पडत नाही. ज्या घरात मोठा पडदा म्हणजे टीव्हीच, तिथं दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर दिसला तर आईबापही कन्सोलला शिव्या देणार नाहीत. आणि ब्राउझर दिलाच, तर पान साठवून ठेवायची सोय द्या, रेंज गेल्यावर वाचायला. म्हणजे पुन्हा रांजणच! माझी बायको म्हणते तुम्हाला दुसरं काही सुचत नाही. नाही सुचत.

काचेपलीकडून एक बोट दाखवताहेत, म्हणजे एक मिनिट. ऑनलाइन खेळताना लागणाऱ्या विलंबाबद्दल बोलायचं होतं. सर्व्हर लांब असला की इथून मारलेली गोळी तिथं पोचेपर्यंत समोरचा... जाऊ द्या, ते मोठं आहे. तेवढं सेटिंगचं मात्र आज घरी गेल्यावर, रेंज असेल तर, लगेच करा. रेंज नसेल तर पहाटे उठून करा.

आणि मराठी अक्षरांचं राहिलंच की. रिमोटच्या बटणांनी ‘चंद्रपूर’ लिहायचं तर च, अनुस्वार, द, त्याचा पाय मोडायचा, मग र... बरं, वेळ संपली.